तीन वर्षे दिवाणी दाव्यांत जावीत
दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा लागू केली, तिचे मनापासून स्वागत. २००२ मध्ये ती काढली गेली होती. वाटपाच्या दाव्यात सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखते ताडून पाहणे, तूर्तातूर्त मनाईचा (समोरच्या पक्षाला तातडीने, तात्पुरते रोखण्याचा) अर्ज चालवणे, उलटतपासात कुठे थांबावे हे ओळखणे, हे सारे मुरलेल्या दिवाणी वकिलाच्या हाताखालीच अंगवळणी पडते. मात्र, दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यायच्या अनुभवाच्या प्रमाणपत्रात उमेदवाराने प्रत्यक्ष कोणते दावे हाताळले, याची नोंद सक्तीची हवी. नुसती सनद घेऊन तीन वर्षे काढलेल्याच्या हाती पक्षकारांच्या घरा-जमिनींचा निवाडा देऊ नये. सेवानियम दुरुस्त करताना राज्य शासन व उच्च न्यायालयाने ही तरतूद करावी.
— एक दिवाणी वकील, सातारा