टॅबलेट घे, पण आधी हे वाच

सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टॅबलेटविषयी तू सविस्तर लिहिलेस ते बाबांनी आणि मी नीट वाचले. दिवाळीपर्यंत थांबावे असे बाबांचे म्हणणे होते. मला मात्र तो तू आत्ताच घ्यावास असे वाटते. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलाला जुन्या वाड्यासमोर उभे राहून रेखाटन करायचे असते, त्यावर शिक्षकांनी केलेल्या खुणा जपून ठेवायच्या असतात, आणि त्यासाठी हे साधन खरोखरच उपयोगी आहे. पण टॅबलेटची किंमत एकदाच मोजावी लागते, त्यावरच्या ॲप्सची मात्र महिन्यामागून महिना मोजावी लागते. मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या खर्चाविषयी.

शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांसाठी तू तुझ्या खात्याचा उतारा पाठवला होतास. तो वाचताना माझी नजर मेसच्या किंवा पुस्तकांच्या रकमांवर थांबली नाही. ती थांबली ५९, १३०, १९९ आणि ३९९ अशा लहान लहान नोंदींवर, कारण त्या दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येत होत्या. त्यातली क्लाउडची रक्कम रास्त आहे, ती चालू ठेव; तुझी सगळी ड्रॉइंग तिथे सुरक्षित असतात. गाणी तू रोज ऐकतोस, तेव्हा त्याबद्दलही मी काही म्हणणार नाही. पण फोटो सजवण्याचे जे ॲप तू गॅदरिंगच्या वेळी घेतलेस, त्याचे पैसे गॅदरिंग संपल्यानंतरही जात आहेत, आणि ते तुझ्या लक्षातही आले नसावे.

हे कसे घडते ते बँकेत काम करत असल्यामुळे मला रोज दिसते. मागे तासगावकडचे एक वयस्क बागायतदार बेदाण्याचे पैसे जमा झाले का, हे पाहायला पासबुक घेऊन आले. छापून आलेल्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "बाई, हे दर महिन्याला एकशे एकोणपन्नास कुणाला जातात?" नातवाने त्यांच्या फोनवर मोफत चाचणी म्हणून एक ॲप घेतले होते आणि सुट्टी संपल्यावर ते काढूनही टाकले होते. ॲप गेले, पण पैसे द्यायची संमती खात्यावर तशीच राहिली. आपण घराला कुलूप लावून गावाला गेलो म्हणून दुधाचा रतीब आपोआप थांबत नाही, दूधवाल्याला सांगावे लागते, तसेच हे आहे. आजोबांना हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटले, कारण त्या पानावर अशा नोंदी एकाखाली एक लागलेल्या होत्या आणि त्यांनी मोबाइलवरचा एकही संदेश वाचलेला नव्हता.

नियम नाहीत असे नाही. अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. पण पहिल्यांदा संमती देताना ओटीपी किंवा पिन टाकला की पुढच्या प्रत्येक हप्त्याला तो पुन्हा विचारला जातोच असे नाही. असा पुन्हा न विचारता हप्ता जाण्याची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. वीजबिल, विमा, म्युच्युअल फंडाचा हप्ता यांसाठी ही सोय उत्तम आहे आणि ग्राहकांना मी स्वतः ती सुचवते. मात्र ॲपचे १९९ रुपये याच सोयीतून गुपचूप निघून जातात, आणि आदल्या दिवशी आलेली सूचना ऑफर, रिचार्ज आणि कुरिअरच्या संदेशांच्या गर्दीत हरवते. सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवणे हा प्रकार तर इतका बोकाळला, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ज्या १३ फसव्या पद्धतींना मनाई केली, त्यांत याचाही समावेश आहे.

खेळांविषयीही लिहायला हवे, कारण उताऱ्यात त्याच्याही दोन नोंदी होत्या. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, आणि तू तसल्या वाटेला गेला नाहीस याचा मला विश्वास आहे. पण साध्या खेळातही रुपयांचे आधी हिरे किंवा नाणी करून घेतात आणि मग हवी ती वस्तू त्या हिऱ्यांत विकतात. वस्तू ६० हिऱ्यांची असते आणि हिरे मात्र १०० च्या पुडीतच मिळतात. मग उरलेले ४० हिरे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढची पुडी घेतो. आपण नेमके किती रुपये घालवले हे त्या क्षणी डोळ्यांसमोर राहू नये, म्हणूनच ही मांडणी केलेली असते. खेळून मन रमत असेल तर जरूर खेळ. पण विकत घेण्याआधी त्या हिऱ्यांचे रुपये किती होतात, ते एकदा कागदावर लिही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पैसा खात्यातून जाताना तो द्यायचा की नाही हे प्रत्येक वेळी तू ठरवले पाहिजेस. म्हणून या रविवारी थोडा वेळ काढ. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या चित्रावर दाबलेस की पेमेंट आणि सबस्क्रिप्शनचा विभाग दिसेल. तुझ्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा, म्हणजे आपोआप जाणाऱ्या पैशांचा, वेगळा विभाग असतो. या दोन्ही ठिकाणांची यादी उतरवून घे आणि जे वापरत नाहीस ते तिथूनच रद्द कर, कारण केवळ ॲप काढून काम होत नाही. मोफत चाचणी घ्यायचीच असेल तर घेतल्या दिवशीच ती रद्द करून टाक. बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत वापर चालूच राहतो. चुकून काही खरेदी झालीच तर प्ले स्टोअरकडे ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी कर, आणि पैसे कुणी फसवून नेले असतील तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदव.

चित्रकलेच्या ॲपसाठी घाई करू नकोस. क्रिता हे मोफत आहे, अँड्रॉइडच्या टॅबलेटवरही चालते. आधी एक सत्र त्यावर काम करून पाहा. ते कमी पडते असे तुला पटले, तर एकदाच पैसे देऊन मिळणारे ॲप शोध, आणि त्याचा खर्च मी देईन.

धाकटी हल्ली माझ्या फोनवर खेळते आणि तुझ्याकडे जे आहे तेच तिला हवे असते. मी सांगितलेले ती ऐकते, पण तू सांगितलेले मानते. सुट्टीत घरी येशील तेव्हा तिच्या खेळातली खरेदी माझ्या परवानगीशिवाय होणार नाही अशी व्यवस्था तूच तिला शेजारी बसवून करून दे, आणि ती का करतो आहेस तेही तिला सांग. टॅबलेटचे पैसे सोमवारी तुझ्या खात्यात जमा करते. दुकानातून पक्के बिल घे आणि वॉरंटीचा कागद जपून ठेव.

बाबांचे आणि आजीचे आशीर्वाद.

तुझी,
आई