गुरुवारचं घर

सोलापूर, 2 डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "जीव लावायचा आणि मग परत धाडायचं, हे कशाला ओढवून घेतलंस गं?" मागून बाबांचा आवाज आला, "दुसऱ्याचं लेकरू म्हणजे जोखीम." मी गप्प बसले, कारण ती पोर माझ्या शेजारीच बसून भाकरी खात होती. आता ती झोपलीय. घरात निजानीज झालीय, म्हणून लिहायला घेतलं.

तिचं नाव पत्रात लिहीत नाही. अशा मुलांची ओळख उघड करू नये असं कायदाच सांगतो, आणि पत्र काय, कुणाच्याही हाती पडतं. तुम्ही आलात की ती स्वतःच सांगेल. दहा वर्षांची आहे, पूर्व भागातल्या विडी कामगार बाईची पोर. वडील नाहीत. आई फार आजारी, उपचार लांबणारे, आणि पोरीला बघणारं जवळचं माणूस नाही. बालकल्याण समितीने तिला आधी बालगृहात ठेवलं होतं, दिवाळीनंतर आमच्याकडे दिलं.

आई, हे दत्तक नव्हे. दत्तक घेतलेलं मूल कायमचं आपलं होतं, आपलं नाव लावतं. इथे तिची आई हीच तिची आई. आम्ही प्रतिपालक. आईला बरं वाटेपर्यंत तिला घर द्यायचं, मधूनमधून आईला भेटवून आणायचं आणि ती सावरली की लेक तिच्या हवाली करायची. आदेश एका वर्षाचा आहे, मग समिती पुन्हा बघेल. तू दर आषाढीला पंढरपूरला जातेस. तिथलं नवरंगे बालकाश्रम प्रार्थना समाजाने 1875 साली सुरू केलं, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात हे काम चालू आहे. अशा संस्था हव्यातच. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात म्हटलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब बघा. आमची घरी येऊन चौकशी झाली, वैद्यकीय तपासण्या झाल्या, पोलीस पडताळणी झाली, शेजाऱ्यांनाही विचारलं की ही माणसं कशी आहेत. कागदांसाठी एका कार्यालयात पाच खेपा मारल्या, दोनदा साहेब जागेवर नव्हते, रडू यायची वेळ आली. तरी तपासणी कडक आहे ते बरंच. लेकरू सोपवायचं असतं.

बाबा, तुम्ही पैशाचं विचारलंत. मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. त्यातला एक रुपया आम्ही घरखर्चात धरणार नाही. लोक काय म्हणतील याची काळजी करू नका.

पहिले आठ दिवस ती बोललीच नाही. विचारलं तर नुसती मान हलवायची. एका संध्याकाळी मी तिला चित्रकलेचा कागद आणि कात्री दिली, म्हटलं, कर तुला हवं ते. भाकऱ्या उरकून बाहेर आले तर तिच्यासमोर कागदाचे लांबट चौकोनी तुकडे, दहा-दहाच्या चळती लावलेले. एक तुकडा दुसऱ्यावर ठेवला तर कड जराही बाहेर येत नव्हती. हाताशी पट्टी नव्हती, साचा नव्हता. विडीचं पान कापतात त्या मापाचे होते ते. घरी आईजवळ बसून पानं कापायची ना, बोटांना माप पाठ झालंय. कात्री खाली ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, काम बरोबर झालं का म्हणून. मला काही बोलवेना. चळती तशाच राहू दिल्या आणि तिथेच बाजूला ताटं मांडली.

रात्री झोपेत बडबडायची, ते तेलुगूत. माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. समोर पद्मशाली समाजातल्या एक आजी राहतात, चादरीच्या कारखान्यात कांड्या भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. एके दिवशी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी तिला सहज विचारलं, "अन्नं तिन्नावा?" जेवलीस का? पोरगी जागच्या जागी थांबली. मग पायरीवर टेकली आणि बोलायला लागली ती दिवेलागण होईपर्यंत. आता त्यांना अम्मम्मा म्हणते, म्हणजे आजी. शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे आणि ती तिकडे. आई, खरं सांगते, मला थोडं लागलंही. पण तिची भाषा मी कुठून आणणार होते?

गल्ली आता तिला ओळखते. निवृत्त कंडक्टरकाका आपल्या नातीबरोबर तिलाही शाळेत सोडतात. शाळेत मात्र एका बाईंनी भर वर्गात विचारलं, "वडील नाहीत, आई नाही, मग तू राहतेस तरी कुणाकडे?" दोन दिवस शाळेचं नाव काढलं नाही पोरीने. मी जाऊन मुख्याध्यापकांना भेटले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी काकांची नात तिचा हात धरून घेऊन गेली.

बालगृहात जाता-येता एका मुलाची ओळख झाली. अठरा पूर्ण झाली की तिथून बाहेर पडावं लागतं. पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावर आधाराची, मदत मिळू शकते, पण खोली बघायला गेला तेव्हा मालक म्हणाला, "घरचं कुणीतरी घेऊन ये." घरचं कोण आणणार तो? तुमचे जावई गेले बरोबर. डिपॉझिटचे अर्धे पैसे कंडक्टरकाकांनी दिले. आता आयटीआयला जातो, रविवारी जेवायला आमच्याकडे येतो. गेल्या महिन्यात रात्री अकराला त्याचा फोन: "काकू, तापाची गोळी उपाशीपोटी घेतली तर चालते का?" माझ्या पोटात कालवलं. एवढं साधं विचारायला त्याला आजवर हक्काचं माणूस नव्हतं.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही तेराव्या वर्षी मंगळवेढ्याहून सोलापुरात शिकायला आलात आणि सात घरी वार लावून जेवलात. शुक्रवारच्या घरी आधी पाणी भरावं लागायचं, मग ताट. मंगळवारच्या घरी पाहुण्यांसमोर विचारायचे, "बाप कशाने गेला रे तुझा?" आणि गुरुवारच्या काकू जेवताना दोनदा विचारायच्या, "पोट भरलं का?" हे सांगताना तुम्ही दर वेळी गुरुवारशी येऊन थांबता. मग चष्मा पुसता. त्या सात घरांतल्या कुणीही तुम्हाला दत्तक घेतलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर तुम्ही गेलात, जाणारच होता. परगावच्या पोराची जोखीम त्यांनीही घेतली होती. गुरुवारच्या काकूंनी जीव लावला तो वाया गेला का, हे तुम्हीच मला सांगा.

म्हणून म्हणते, या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला या, चार दिवस राहा. बाबांना पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, आईला अर्धं तिकीट. येताना शेतातला हुरडा आणा. आई, माझ्या जुन्या साड्या ट्रंकेत आहेत, त्यांची एक गोधडी शिव, तिच्या मापाची. तिला थंडी फार वाजते. जाताना ती बरोबर घेऊन जाईल.

आणि तिला आई कुठंय, वडील कशाने गेले, हे विचारू नका. बाबांना हे मी सांगायला नको. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गर्दीत तिचा हात तुम्ही धरा, तुमचे जावई पुढे चालतील.

तिने आजच विचारलं, तुम्हाला आजोबा म्हणायचं की तातय्या. मी सांगितलं, ते आले की त्यांनाच विचार.

तुमची लेक