बेकेलाइटच्या ठोकळ्याला सुतळी बांधणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, "काय गरज होती?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पण माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी फियाटच्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तुम्ही मिळवून दिलात, त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमच्या आधी भेटलेल्यांनी डोकंही चारचौघांतच उठवलं होतं.

एका दुकानदारानं जुना पंप हातात न घेताच "फियाटचा ना? हाच," म्हणून डबा पुढं सरकवला. दुसऱ्यानं इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप गळ्यात मारायला बघितला. म्हणे प्रेशर जास्त तर पिकअप जास्त! अहो, पद्मिनीचं १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी तासाला बारा-पंधरा लिटरपलीकडं ते पीत नाही. कार्बोरेटरला साधारण दोन ते साडेतीन पीएसआय दाब पुरतो आणि इंजेक्शनचा पंप चाळीसच्या आसपास मारतो. एवढ्या दाबापुढं कार्बोरेटरात पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल सीटवर बसणार कशी? पेट्रोल ओसंडून गरम मॅनिफोल्डवर येतं, मग पिकअप राहतो बाजूला आणि बादली घेऊन पळायची वेळ येते. तिसऱ्यानं तर गाडीच भंगारात घालायला सांगितली. त्याच्याकडं निदान विकायला काही नव्हतं.

तुम्ही आधी मी गाडीतून काढून आणलेल्या डिपस्टिकचा, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीचा, वास घेतला. मग पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाला बोट लावलं. तिथून ऑइल गळत असेल तर दांड्याचं सील गेलं, पेट्रोल गळत असेल तर पेट्रोल ओढणारा आतला पडदा फाटला, हे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं. पडदा फाटला की पेट्रोल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं खलास होतात. म्हणून नवा पंप बसवायच्या आधी ऑइल बदलायला लावलंत, तेही ऑइल विकत नसताना. मागं टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावून पुढचा फाटका पंप तसाच लाइनमध्ये ठेवणारे बहाद्दर आहेत. त्यांच्या चेंबरमध्ये पेट्रोल आपसूक नव्हे, दाबानं भरतं.

मग त्या पहिल्या दुकानातला नवा आणि माझा जुना पंप फळीवर शेजारी ठेवलेत. दोन्हीची भोकं तंतोतंत जुळत होती. तुम्ही व्हर्नियर लावलात तो इंजिनच्या कॅमशाफ्टवर टेकून पंप चालवणाऱ्या लिव्हरला: लांबी, बाक, टोकाची घासपट्टी. मान हलवून म्हणालात, "भोकं जुळली म्हंजी पंप जुळला न्हवं. ह्यो बसंल, पर चालायचा न्हाई." लिव्हर लांब असला तर कॅमशाफ्टची उचल त्याला गरजेपेक्षा जास्त ढकलते, पडदा ताणून फाटतो, नाहीतर लिव्हरच मोडतो. आखूड असला तर स्ट्रोक, म्हणजे पडद्याची हालचाल, अपुरा पडतो. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते आणि गगनबावड्याच्या चढाला गटांगळ्या खाते. मग बिचाऱ्या कार्बोरेटरला शिव्या. नळ्यांची तोंडं, आत-बाहेरची दिशा, हे त्यानंतर बघायचं.

तुमच्या कपाटात आणखी दोन पंप होते. त्यातला एक मापाला बरोबर उतरला. आत येणाऱ्या तोंडावर अंगठा धरून तुम्ही लिव्हर दाबून सोडलात, ओढ दहा-पंधरा सेकंद टिकली, तेव्हा तो बाजूला ठेवलात. दुसऱ्याचा डबाही उघडलात. आतला पडदा जुन्या काळ्या रबराचा निघाला. "आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल हाय," म्हणालात आणि तो परत कपाटात टाकलात. आपल्याच पट्ट्यातल्या उसातून निघालेलं इथेनॉल आपल्याच जुन्या गाड्यांचं रबर खातं, यावर तुम्ही नुसते हसलात. लवचिक नळीसुद्धा इथेनॉल सोसणारीच घ्या म्हणालात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पंपाची जाळी पहिल्या महिन्यात दोनदा धुवायला सांगितलीत.

हे सगळं कसबाचं झालं. कसब असलेले लोक कोल्हापुरात कमी नाहीत. आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी.

पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जुना बेकेलाइटचा ठोकळा घाणीच्या ट्रेमध्ये पडला होता. आधीच्यांनी तो "पॅकिंगचा तुकडा" म्हणून टाकूनच दिला असता. तुम्ही तो उचललात, पेट्रोलमध्ये धुतलात, काचेवर ठेवून वाकला आहे का बघितलंत. हा ठोकळा ब्लॉकची उष्णता पंपाकडं येऊ देत नाही. तो नसला की एप्रिल-मेमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंपावर ओलं फडकं टाकत रस्त्याकडेला थांबावं लागतं. शिवाय लिव्हरचा स्ट्रोकही त्याच्याच जाडीवर ठरतो. तो ठोकळा तुम्ही सुतळीनं नव्या पंपालाच बांधलात, दोन्ही बाजूंची पातळ पॅकिंगं त्यातच अडकवलीत आणि वर पेनानं लिहिलंत: "टाकू नये." गाडी दुसरीकडं उघडलेली, बसवणारा दुसराच, त्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून तुम्ही ही तजवीज केलीत. पैसे फक्त पंपाचे घेतलेत.

गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडल्यावर त्याचं काय होईल, याची काळजी फार थोडे करतात. हमी-बिलावर शिक्का मारणारे पुष्कळ आहेत. तुमच्यासारखी माणसं फ्लेक्सवर दिसत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कॅमची उचल खाली येईपर्यंत इंजिन हातानं फिरवून मगच पंप लावला. हातानं दाबल्यावर तो जवळजवळ टेकला, नटांनी ओढून आणावा लागला नाही. नट आलटून-पालटून आवळले.

आपला,
राजारामपुरीतला पद्मिनीवाला

ता. क. गाडी थोडी पळाल्यावर पॅकिंग बसतं म्हणाला होतात. खरंच, दोन्ही नट पाव-पाव आटा फिरले. डिपस्टिकला आता फक्त ऑइलचा वास येतो. कपाटातला तो काळ्या पडद्याचा पंप फेकू नका, लिव्हर मापाचा असेल तर नवा पडदा मिळवून त्यात घालू. पडद्याचे पैसे माझे.