मॅडमनी उत्तर दिलं का, एवढंच बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं आणि तुमच्या उमेदवार मॅडमच्या टीव्ही मुलाखतीचं रेकॉर्डिंगही. कार्यकर्त्यांत दोन तट पडले हे वाचून नवल वाटलं नाही. एक तट म्हणतो मॅडमनी पत्रकाराला धुऊन काढला, दुसरा म्हणतो मॅडमचं पानिपत झालं. एकमत फक्त एकाच गोष्टीवर: मुलाखत घेणारा विकला गेलेला होता. तू मत विचारलंस म्हणून सांगतो. मुलाखत वाईट झाली नाही, पण अकराव्या मिनिटाला एक भोक पडलं आणि ते तुमच्यापैकी एकालाही दिसलं नाही, कारण ते तुम्ही स्वतःच बुजवलंत.

तेवढा तुकडा पुन्हा लाव. मॅडम म्हणतात, पाच वर्षांत ४०,००० नोकऱ्या. तो विचारतो, "यातली रिक्त पदं किती आणि नवी किती?" मॅडम म्हणतात, "रोजगार हाच आमचा पहिला मुद्दा आहे, आणि तरुणांना आम्ही शब्द दिलाय." तो पुन्हा विचारतो. मॅडम मागच्या सरकारवर घसरतात. तो तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्या म्हणतात, "तुम्ही मला बोलूच देत नाही." इथे तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता तुमचा जाहीरनामा काढ. २५,००० रिक्त पदं आणि १५,००० नवी, असं त्यात स्वच्छ छापलंय. तुम्हाला तो पाठ आहे, त्यामुळे प्रश्न आला की आकडा तुमच्या डोक्यात आपोआप उमटला आणि मॅडमनी तो सांगितल्यासारखा वाटला. घरी बसून पाहणाऱ्या, अजून मत न ठरवलेल्या माणसाकडे जाहीरनामा नाही. त्याने एवढंच पाहिलं की साधा आकडा तीनदा विचारला आणि तीनदा मिळाला नाही.

समर्थकाइतका कच्चा परीक्षक दुसरा नसतो, तो याच कारणाने. उमेदवाराचं अर्धं उत्तर तो पदरचं घालून पुरं करतो. विरोधक उलटं करतो, दिलेलं उत्तरही ऐकत नाही. म्हणून कोण जिंकलं हा वाद घालूच नका, तो कधीच सुटत नाही. प्रश्न काय होता आणि त्याचं उत्तर आलं का, एवढंच तपासा.

हे कानांवर विसंबून होत नाही. टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी २०११ साली यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. वादविवादातल्या उमेदवाराचं आरोग्यसेवेवरचं एकच उत्तर वेगवेगळ्या प्रश्नांना जोडून लोकांना दाखवलं. प्रश्न अमली पदार्थांचा असला तर विषय जवळचा वाटतो, त्यामुळे बगल दिलेली बहुतेकांच्या लक्षातच आली नाही. प्रश्न दहशतवादाचा असला की लगेच पकडली गेली. आणि प्रश्न पडद्यावर लिहिलेला ठेवला की जवळची बगलसुद्धा लोकांना दिसू लागली. तेव्हा पहिली पायरी हीच: कागद घ्या आणि प्रश्न शब्दशः उतरवा. "नोकऱ्यांबद्दल विचारलं" असं नाही, "रिक्त किती आणि नवी किती" असं. शेजारी उत्तराची पहिली दोन वाक्यं. बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो, पुढचं सगळं सारवासारव असतं. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहा: उत्तर, अर्धं, बगल किंवा हल्ला. हल्ला म्हणजे प्रश्न सोडून विचारणाऱ्यावर घसरणं. हे काम दोघांनी वेगवेगळं करावं आणि मग कागद जुळवून पाहावेत. जिथे जुळत नाहीत, तेवढेच प्रश्न चर्चेला घ्यायचे. पूर्ण रेकॉर्डिंग लावायचं, कापलेले तुकडे नाहीत. तुकडा कापणाऱ्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

मी असा कागद केला. २६ मिनिटांत ३१ प्रश्न. १४ उत्तरं, ६ अर्धी, ८ बगला, ३ हल्ले. पानिपत म्हणणाऱ्यांना हे सांग, कारण हा हिशेब वाईट नाही. १९८७ च्या ब्रिटिश निवडणुकीतल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि विरोधी नेते नील किनॉक यांच्या मुलाखती पीटर बुल आणि केट मेयर या संशोधकांनी असाच प्रश्नागणिक तपासल्या होत्या. दोघांनीही निम्म्याहून जास्त प्रश्नांना सरळ उत्तर दिलेलं नव्हतं. बगल देणं हा धंद्याचा भागच आहे. बगल नेमकी कोणत्या प्रश्नाला दिली, ते महत्त्वाचं.

काही प्रश्नच असे असतात की इकडे आड तिकडे विहीर. "पक्षाध्यक्षांचं ते विधान चुकीचं होतं का?" हो म्हटलं तर पक्षात भांडण, नाही म्हटलं तर मतदार नाराज. अशा प्रश्नाला गोलमोल बोलण्याचा दोष मी देत नाही; मॅडमच्या ८ बगलांपैकी ५ याच जातीच्या आहेत. मात्र नोकऱ्यांच्या प्रश्नाला आडही नव्हता आणि विहीरही नव्हती. उत्तर छापील होतं आणि सोयीचंही होतं. ती बगल फुकट गेली.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुला माहीत असेल. १३ मे १९९७, बीबीसीचा न्यूजनाइट हा कार्यक्रम. मायकेल हॉवर्ड तेव्हा ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेतेपदाचे उमेदवार होते. ते गृहमंत्री असताना तुरुंग खात्याचे प्रमुख डेरेक लुईस यांना, तुमचा निर्णय मी फिरवीन, अशी धमकी त्यांनी दिली होती का, हे जेरेमी पॅक्समन यांनी साधारण बारा वेळा विचारलं. हॉवर्ड यांचं उत्तर काय, तर लुईस यांना आदेश देण्याचा मला अधिकार नव्हता आणि मी आदेश दिला नाही. प्रश्न धमकीचा, उत्तर आदेशाचं. पहिल्या दोन वेळा हे खपून गेलं असतं. पण तोच प्रश्न त्याच शब्दांत येत राहिला आणि पाहणाऱ्याला दोन शब्दांमधली फट दिसू लागली. पुढची बातमी तयार नव्हती म्हणून आपण तो प्रश्न लांबवत राहिलो, असं पॅक्समन यांनी नंतर सांगितलं. नेतेपदाच्या पहिल्या फेरीत हॉवर्ड २३ मतं मिळवून पाचांत शेवटचे आले. त्याला इतरही कारणं होती, सगळं खापर त्या एका संध्याकाळवर फोडू नये. पण एक हिशेब पक्का ठेव: तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की बगलेची किंमत दुप्पट होते. तिसऱ्यांदा येतो तेव्हा प्रश्न बाजूला पडतो आणि बगल हीच बातमी होते.

आता विकला गेल्याचा आरोप. १९८५ साली रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना १९८२ च्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या दाखवल्या. बातम्या त्याच, पण इस्रायलच्या बाजूच्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. तेव्हा वाटण्यावर जाऊ नका, मोजा. तुमच्या पत्रकाराने मॅडमना किती वेळा मध्येच तोडलं, आणि कधी? मी मोजलं तर १७ वेळा. त्यातल्या ११ वेळा मॅडम पंधरा-वीस सेकंद बोलल्या होत्या आणि उत्तर सुरूच झालेलं नव्हतं. तिथे तोडणं हे त्याचं कामच आहे. ४ वेळा उत्तर येऊन गेलं होतं आणि त्या पाल्हाळ लावत होत्या. उरलेल्या २ वेळा मात्र उत्तर ऐन तोंडावर आलं असताना त्याने घास काढून घेतला. तक्रार करायची तर त्या दोनांची करा, मिनिट आणि सेकंद लिहून. सरसकट "पक्षपाती" म्हणून ओरडलात तर लोकांच्या मनात एवढंच राहील की मॅडमना प्रश्न झेपले नाहीत.

अवघड प्रश्नांपेक्षा सोपे प्रश्न जास्त घात करतात, हे कुणी ध्यानात घेत नाही. १९७९ साली टेड केनेडी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरायच्या बेतात होते. सीबीएस वाहिनीच्या रॉजर मड यांनी विचारलं, तुम्हाला अध्यक्ष का व्हायचंय? यात कसला सापळा? पण केनेडी अडखळले आणि देशाच्या साधनसंपत्तीबद्दल, लोकांच्या गुणांबद्दल लांबण लावत राहिले. मुलाखत ४ नोव्हेंबरला दाखवली गेली. ७ तारखेला त्यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा चर्चा त्या उत्तराचीच होती. घोकंपट्टी अवघड प्रश्नांची झालेली असते, सोप्याची तालीम कुणीच घेत नाही. मॅडमच्या शेवटच्या मिनिटात, "तुम्हीच का?" याला आलेलं उत्तर ऐक. वाईट नाही, पण त्यातली चारही वाक्यं कुठल्याही उमेदवाराच्या तोंडी शोभतील.

दिसण्याबद्दल तुम्ही फार भांडलात. चेहरा घामेजला होता, पाणी दोनदा प्यायल्या, वगैरे. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडदा झाकून नुसतं ऐका. दोन्हींत जे खटकेल तेवढंच खरं. १९६० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या वादविवादात रेडिओवर निक्सन जिंकले आणि टीव्हीवर जॉन केनेडी, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिचा आधार एक छोटीशी पाहणी आहे. तिच्यावर इमले बांधू नका. मला पाण्यापेक्षा नजर खटकली. आकडा विचारला की मॅडम टेबलावरच्या कागदाकडे बघतात आणि कागद उचलत नाहीत. उचलून वाचला असता तरी चाललं असतं.

आणि या एका मुलाखतीने निवडणूक गेली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांना दोन गोष्टी सांग. ऑक्टोबर २००७ मध्ये नरेंद्र मोदी करण थापर यांच्या मुलाखतीतून सुमारे तीन मिनिटांत उठून गेले; डिसेंबरात गुजरातेत भाजपला १८२ पैकी ११७ जागा मिळाल्या. जानेवारी २०१४ मध्ये राहुल गांधी अर्णब गोस्वामींसमोर तासाहून जास्त वेळ बसले. मे महिन्यात लोकसभेत काँग्रेस ४४ जागांवर आली. म्हणून उठून जावं असं मी म्हणत नाही. मुलाखतीने लाटा उलटत नाहीत, पण अटीतटीच्या जागी कुंपणावरचे थोडे लोक इकडचे तिकडे होतात, आणि तुमची जागा अटीतटीची आहे.

तेव्हा भोक बुजवायचं ते असं. आजच्या आज मॅडमच्या तोंडून एक छोटं रेकॉर्डिंग: "४०,००० पैकी २५,००० मंजूर पण रिक्त पदं आहेत, ती आधी भरू. १५,००० नवी आहेत." वीस सेकंदांच्या आत बसतं. मुलाखतीत सांगायचं राहून गेलं, हे एका वाक्यात कबूल करावं. पत्रकाराबद्दल अवाक्षर नको. यावर पुढचा प्रश्न ठरलेला आहे, नव्यांचा पगार कुठून? त्याचं उत्तर तयार नसेल तर रेकॉर्डिंग एक दिवस थांबवा, कारण अर्धं उत्तर दुसऱ्यांदा दिलंत तर हॉवर्ड यांच्यासारखी गत होईल. तालमीला समर्थकाला पत्रकार बनवू नका, तो मध्येच मान डोलावतो आणि मॅडमना वाटतं उत्तर पोचलं. जाहीरनामा न वाचलेला माणूस बसवा. त्याला एकच सूचना: आकडा ऐकू येईपर्यंत तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

पुढची मुलाखत गुरुवारी आहे म्हणतोस. ती दूरच्या स्टुडिओतून असेल तर प्रश्न कानात थोडा उशिरा येतो. प्रश्न संपला असं वाटल्यावर मनात एक आकडा मोजून मगच बोलायचं, नाहीतर दोघं एकमेकांवर आदळतात आणि मॅडम उद्धट वाटतात. माझा कागद सोबत जोडलाय. तुमच्या दोन तटांतला एकेक जण बसवून तसाच दुसरा करून घे आणि पाठव. नवव्या आणि बाविसाव्या प्रश्नाला मी "अर्धं" लिहिलंय, तिथे मी चुकलो असेन.

तुझा,
मित्र