किलो कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्याच्या पानावर बरेचदा असतं की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. परवा माझ्या भाचीने ते वाचलं आणि केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन समोर उभी राहिली, म्हणे मामा यात तर लिहिलंय एक ग्रॅम पाणी एक डिग्री तापवायला एक कॅलरी लागते, मग २००० कॅलरीत दोन लिटर पाणी जेमतेम एका डिग्रीने तापेल, तेवढ्यावर माणूस दिवसभर चालतो कसा?

पोरीचा हिशोब चोख आहे हो, चूक छापण्यात आहे. ती कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, हजार कॅलरी. इंग्रजीत निदान मोठ्या कॅलरीला कॅपिटल अक्षर काढायची सोय होती, देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं! मग आम्ही बसून पूर्ण गणित केलं. २००० किलोकॅलरीला ४.१८४ ने गुणलं की ८३६८ किलोज्यूल, म्हणजे ८३ लाख ६८ हजार ज्यूल, त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला सुमारे ९७ ज्यूल, म्हणजेच ९७ वॅट. म्हणजे माणूस जवळपास जुन्या १०० वॅटच्या बल्बएवढा. हे तिला लगेच पटलं.

मी स्वतः केमिस्ट्री शिकवतो आणि हाच किलो वहीत रोज गळताना बघतो. गिब्जच्या समीकरणात तर हमखास. रिॲक्शन आपोआप होईल का ते त्यातून कळतं: एन्थाल्पीतल्या (उष्णतेच्या) बदलातून तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला (विस्कळीतपणातला) बदल वजा करायचा, उत्तर उणे आलं तर होते. अमोनियाचं घ्या, नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून दोन मोल (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं माप) अमोनिया होताना एन्थाल्पीतला बदल उणे ९२.२ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतला उणे १९८.७ ज्यूल प्रति केल्विन, एक किलोत एक बिनकिलोचा, आणि टेबलातच ते तसं छापलेलं असतं म्हणून पोरं एन्ट्रॉपीला सरळ २९८ केल्विन तापमानाने गुणून मोकळी होतात. उत्तर येतं अधिक ५९ हजार, म्हणजे रिॲक्शन आपोआप होणारच नाही! एन्ट्रॉपीला आधी १००० ने भागलं असतं तर उणे ३३ किलोज्यूल आलं असतं, म्हणजे होते. नुसतं उत्तर नाही चुकलं, निष्कर्षच उलटा झाला.

इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेच्या चिमुकल्या एककाची गंमत वेगळीच. हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, पण ती एका अणूची, आणि पुस्तकात शेजारी १३१२ किलोज्यूल असतं ते एका मोलचं. मधला गुणक ९६.४८५, आणि तो पाठ करायला नको कारण फॅरेडेचा स्थिरांक ९६,४८५ तोच आहे, फक्त ज्यूलचे किलोज्यूल केलेले: एका इलेक्ट्रॉनचा चार्ज गुणिले अव्होगाड्रोचा आकडा, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या. हे सांगितलं की वर्गात दोनचार चेहरे उजळतात, बाकीचे शॉर्टकट विचारतात. शॉर्टकट एकच, प्रत्येक ओळीत आकड्याला चिकटून एकक लिहायचं आणि वरखाली कापत जायचं. शेवटी एकक भलतंच उरलं तर आकडा बघायचीसुद्धा गरज नाही.

काही जण ४.१८४ की ४.१८६८ यावर भांडत बसतात. दोन्ही बरोबर आहेत, कॅलरीच्या व्याख्या दोन आहेत, आणि फरक हजारात एकाहूनही कमी. भांडायचंच तर हजारपटीच्या चुकीवर भांडा ना.

आता तुमच्याकडे मागणं. १९४८ सालीच वजनमापांच्या जागतिक परिषदेने उष्णतेचं एकक ज्यूल ठरवलंय, तरी तुम्ही उद्यापासून किलोज्यूल छापा असं मी म्हणत नाही, लोकांना सवय नाही. पण किलोकॅलरी तरी पूर्ण छापा. आणि विजेच्या बातमीत किती वीज वापरली ते सांगताना नुसतं किलोवॅट नको, तो झाला वापराचा वेग; किलोवॅट-तास हवं, एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल, नाहीतर भाची परत पुस्तक घेऊन येईल.

आपला,
एक केमिस्ट्रीचा मास्तर