ताई, तुझ्या प्रश्नांबद्दल आभार

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागलो की तू विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मार्चअखेर माझ्याकडे फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे वित्तबाजारासाठी लागणाऱ्या गणिताच्या, मास्टर्सचे दोन ॲडमिट (प्रवेश) होते, दोन्ही न्यूयॉर्कचे. एक नावाजलेल्या खासगी विद्यापीठाचा, दुसरा बरूक कॉलेजचा. पहिलं नाव आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत. दुसरं ऐकून आत्या म्हणाली, "भरूचला कशाला जातोयस?"

मी क्रमवारीचे तक्ते पाठवले, ते तू उघडलेही नाहीस. "काम काय करायचंय?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, "क्वांट," म्हणजे वित्तक्षेत्रातला गणिती. तू हसलीस. ऑप्शनची (ठरल्या भावाने खरेदी-विक्रीच्या हक्काची) किंमत काढणारा, हेज फंडात (बड्या गुंतवणूकदारांच्या खासगी फंडात) भाव कुठे जाणार याचे सिग्नल शोधणारा आणि बँकेत दुसऱ्याचं मॉडेल तपासणारा, तिघंही क्वांटच. २०११ साली फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मॉडेल चुकण्याच्या जोखमीबद्दल बँकांना सूचना दिल्या, त्यावर तुझ्या बँकेतला तुझा अख्खा विभाग उभा राहिला, हे तेव्हा कळलं.

मग प्लेसमेंट रिपोर्ट. ९५ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागली असं दिसलं की मी खूश व्हायचो. तू विचारायचीस, "छेदात कोण?" नोकरी न शोधणारे वगळले का? ज्यांनी माहितीच कळवली नाही, ते कुठे गेले? पगाराची सरासरी दिलीय की मध्यक? एका ट्रेडरचा बोनस सरासरीला कुठल्या कुठे नेतो. शिवाय एकाच विद्यापीठात दोन वेगळे अभ्यासक्रम असतात. एनवाययूत (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत) कुराँ या गणित संस्थेचा वेगळा, टँडन या इंजिनिअरिंग शाखेचा वेगळा. एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवू नकोस, असं बजावलंस.

पण खरी मदत कॅलेंडरची. बर्कलीचा अभ्यासक्रम मार्चमध्ये सुरू होतो आणि इंटर्नशिप ऑक्टोबरच्या सुमारास येते. ऑगस्टमध्ये सुरू करणाऱ्यांना मात्र पुढच्या उन्हाळ्यासाठीच्या मुलाखती पहिल्याच सत्रात द्याव्या लागतात. वर्गात इटोचं सूत्र (ऑप्शनच्या गणिताचा पाया) येईपर्यंत निम्मा हंगाम सरलेला असतो. म्हणून मे ते जुलै तू मला प्रोबॅबिलिटी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेला जुंपलंस. लागोपाठ दोन छापे यायला सरासरी किती वेळा नाणं उडवावं लागेल? सहा. छाप्यानंतर लगेच काटा हवा असेल तर? चार. का, ते समजावताना तुझ्याकडे रात्रीचे बारा वाजले होते आणि सकाळी तुला ऑफिस होतं.

कर्जाचं बोलणं तू माझ्याशी नाही, थेट बाबांशी केलंस. बरूक शहराच्या सरकारी विद्यापीठातलं, त्यामुळे फी बरीच कमी. शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायच्या परवानगीचे, म्हणजे ओपीटीचे, १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या (स्टेम) अभ्यासक्रमांना मिळणारे वरचे २४ दोन्हीकडे सारखेच मिळतात, पण पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला नाही तर परतून रुपयात हप्ता फेडावा लागेल. "तो पुण्याच्या पगारात बसतो का?" असं तू विचारलंस. बाबांनी पासबुक काढलं. बरूक तिथेच ठरलं.

आता लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर संध्याकाळी वर्ग असतात, दिवसा अभ्यास. नावाजलेलं नाव सोडल्याची रुखरुख कधीकधी लागते, खोटं कशाला सांगू? हप्त्याची मात्र धास्ती नाही.

आपल्या कॉलेजातल्या दोघांना यंदा ॲडमिट आलेत. त्यांना तुझे प्रश्न पाठवलेत. नंबरही देऊ का? रविवारी सकाळीच फोन करतील, असं सांगून ठेवतो.

तुझा,
धाकटा भाऊ