गरम इंजिनावर थंडच राहणाऱ्या हीट मीटरच्या काट्याबाबत तक्रार

देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली
दिनांक : 9 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या हीट सेन्सरने चुकीचं तापमान दाखवल्यामुळे इंजिनाचं झालेलं नुकसान

महोदय,

माझी 2006 सालची डिझेल मिनीबस आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की ती पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका नाटकाच्या संचासोबत फिरते, ते थेट होळीपर्यंत. मागच्या सीटा काढून मी फळ्यांचे सहा बिछाने बसवले आहेत. गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांच्या पेट्या सगळं आत. रात्रभर प्रयोग, सकाळी गाडीतच झोप आणि दुपारी पुढचं गाव. हंगामभर कलाकारांचं घर म्हणजे ही गाडीच.

मागच्या पावसाळ्यानंतर डॅशबोर्डवरचे डिझेल, ऑइल आणि हीट हे तिन्ही काटे बिघडले. हेडलाइट लावला की तिन्ही एकदम हलायचे. तीन सेन्सर एकाच दिवशी जात नाहीत, म्हणून मी आणि आमच्या मिस्त्रींनी आधी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतणारी विजेची जोडणी, पाहिली. इंजिनापासून चेसिसला जाणारी पट्टी गंजून हिरवी पडली होती. ती घासून घट्ट बसवली, मीटरमागची अर्थची वायर नवीन टाकली. डिझेल आणि ऑइलचे काटे जागेवर आले, हीटचा काटा मात्र हलेना. सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनाला टेकवली तर काटा सरळ शेवटपर्यंत गेला. म्हणजे मीटर आणि वायरिंग ठीक, सेन्सर मेलेला. त्यावरूनच नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या दुकानातून आपल्या कंपनीचा सेन्सर 480 रुपयांना घेतला. डब्यावर आमच्या गाडीचं मॉडेल स्पष्ट छापलेलं आहे.

तो बसवल्यापासून काटा जेमतेम पाव भागापर्यंत चढायचा. थंडीचे दिवस, म्हणून इंजिन थंड चालतंय असं मला वाटलं. तरी खात्री म्हणून आपल्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, "काका, जुन्या गाडीत असं होतंच. मीटर बदला." आपलंच मीटर 1,350 रुपयांना घेऊन बसवलं. काटा होता तिथंच राहिला.

11 जानेवारीला नागभीडवरून मूलकडे निघालो होतो. सिंदेवाही सोडून जंगल लागलं आणि दिवस मावळला. गाडी ओढेना झाली. हीटचा काटा निम्म्याच्याही खाली होता, ऑइलचा मात्र उतरत चालला होता. मला वाटलं, पुन्हा अर्थिंगच ढिलं झालं. तापलेलं ऑइल पातळ होऊन प्रेशर पडतंय, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. थोड्याच वेळात बॉनेटखालून वाफ निघाली. इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं होतं, हेडही वाकलं. त्या भागात वाघाचा वावर आहे. गाडीत चार बाया होत्या, त्यातल्या एकीजवळ सात महिन्यांचं बाळ. अडीच तास आम्ही दारं बंद करून बसून होतो. तिकडे गावात मंडप भरला होता, तिकिटं विकली गेली होती. मंडळाला लोकांचे पैसे परत करावे लागले.

फॅनचा पट्टा ढिला होऊन घसरत होता आणि इंजिन त्यामुळेच तापलं. ती चूक माझी आहे, तिचा बोजा मी आपल्यावर टाकत नाही. पण काट्यानं इशारा दिला असता तर मी तिथंच थांबून पट्टा ताणला असता. हीटचा काटा बंद होता तेव्हा मी दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून पाणी पाहायचो, पट्ट्याला हात लावायचो. आपला सेन्सर बसवला आणि काट्याच्या भरवशावर मी हे थांबणं सोडलं. माझं खरं दुखणं हे आहे.

घरी आल्यावर गंजात (पातेल्यात) पाणी उकळलं आणि सेन्सरचा खालचा भाग त्यात धरून मल्टिमीटर लावला. पाणी जसं तापेल तसा या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी व्हायला हवा आणि रोध जितका कमी तितका काटा वर चढतो. तसा तो कमी झालाही, पण उकळत्या पाण्यात 110 ओहमवर थांबला. गावात याच मॉडेलची दुसरी गाडी आहे, तिच्यात कारखान्यातून आलेला मूळ सेन्सर आहे. तो मागून आणला. त्याच गंजात, त्याच पाण्यात तो 38 ओहम दाखवतो. तोच गरम सेन्सर माझ्या गाडीच्या वायरीला जोडून बॉडीला अर्थ दिला, तर काटा लाल पट्टीजवळ गेला. दुकानातून आपल्याच नंबरचा आणखी एक सेन्सर घेतला, तो 61 ओहम निघाला. डबा तोच, नंबरही तोच, मग तापमान दोन का?

माझ्या तक्रारीवर आलेल्या आपल्या ईमेलमध्ये तीन कारणं दिली आहेत. पहिलं, आट्यांना टेफ्लॉन टेप लावल्याने अर्थ तुटला असेल. टेप लावलेलीच नाही, फक्त तांब्याचा वॉशर आहे. सेन्सरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजलं तर एक ओहमपेक्षा कमी भरतं. दुसरं, पाणी कमी होऊन सेन्सर कोरडा पडला असेल. गंजात तर तो पूर्ण बुडालेला होता. तिसरं, गाडीत बिछाने बसवले म्हणून वॉरंटी नाही. फळ्यांचा आणि इंजिनाच्या वायरीचा काय संबंध, हे मला कोणीतरी लेखी समजावून सांगावं.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर असंही सांगितलं की गाडी धंद्याची आहे, म्हणून मी ग्राहक ठरत नाही. ही गाडी मी स्वतः चालवतो आणि तिच्यावरच माझं घर चालतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यावसायिक वापरात मोजत नाही.

माझं मागणं असं. दोन्ही सेन्सरचे प्रत्येकी 480 रुपये आणि मीटरची किंमत परत द्या. हेड, गॅस्केट आणि मजुरीचा खर्च 23,600 रुपये झाला, तो भरून द्या. त्याहून महत्त्वाचं, या नंबरचा दुकानांत पडलेला माल तपासून परत घ्या आणि डब्यावर कोणत्या तापमानाला किती ओहम हे छापा. हंगाम अजून संपलेला नाही. कितीतरी जुन्या गाड्या रात्री-बेरात्री याच रस्त्यांनी कलाकार घेऊन फिरत आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे.

बिलांच्या, ईमेलच्या आणि मोजणीच्या फोटोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही सेन्सर मी डब्यांसकट जपून ठेवले आहेत, ते कुरिअरने पाठवणार नाही. आपला माणूस वडशाला पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा पाणी उकळून मोजून दाखवतो.

आपला,
वाहनमालक व चालक